ड्रायव्हरच्या नावाचा कागद कुठे आहे?

वाहतूक धंद्यातली बडी मंडळी गेली काही वर्षे एकच रडगाणे गात आहेत. ड्रायव्हर मिळत नाहीत! गाड्या दारात उभ्या, माल गोदामात पडून, फायनान्सचे हप्ते चालू, आणि स्टिअरिंगवर बसायला माणूस नाही. परिषदांतून हे सांगितले जाते, वर्तमानपत्रांतून छापून येते, मंत्रिमहोदयही मान डोलावतात. निष्कर्षही ठरलेला असतो. आजकालच्या पोरांना कष्ट नकोत, पंख्याखालची नोकरी हवी!

हा निष्कर्ष आम्हाला साफ नामंजूर आहे. बऱ्हाणपूरची पोरे कष्टाला भितात असे म्हणणाऱ्याने एकदा भर मे महिन्यात आमच्या पॉवरलूमवर रात्रपाळी करून पाहावी, किंवा केळीचे घड खांद्यावर घेऊन बागेतून ट्रकपर्यंत चालून दाखवावे. कष्टाला कोणाचीच ना नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. आपल्यातल्या एखाद्या पोराने मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपनीत ट्रेलरवर ड्रायव्हर व्हायचे ठरवले, तर त्याने सुरुवात कुठून करायची? त्याला शिकवणार कोण? शिकेपर्यंत त्याचे पोट भरणार कोण? आणि शिकल्यावर हा आमचा माणूस आहे असे लिहून देणार कोण? या तीन प्रश्नांची उत्तरे कंपन्यांनी दिली तर टंचाईची ओरड फार दिवस टिकणार नाही. उत्तरे कोणी देत नाही, म्हणून हा लेख.

आपल्या दारातून जाणारा धंदा

इंदूर-इच्छापूर रस्ता हा आपल्या जिल्ह्याचा कणा. १५ ऑगस्ट २००३ रोजी खंडव्यापासून वेगळे होऊन बऱ्हाणपूर जिल्हा झाला, पण उत्तरेचा माल असीरगडाच्या पायथ्याने दक्षिणेत उतरतो ही रीत जिल्ह्याहून कितीतरी जुनी आहे. या वाटेवर उभे राहून कोणीही पाहावे. लोखंडी सळया, पत्र्याच्या कॉईल, कारखान्यांची यंत्रे, ट्रॅक्टर, कधी एखादे अवाढव्य पाईप, हे सारे सपाट पाट्याच्या उघड्या ट्रेलरवरून जाते. आपल्याकडे त्याला ट्राला म्हणतात. वर छप्पर नाही, बाजूला फळ्या नाहीत. नुसता लोखंडी पाटा आणि त्यावर माल.

ही गाडी म्हणजे मोठा ट्रक, एवढेच ज्यांना वाटते त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. बंद कंटेनरला सील लागले की ड्रायव्हरने फक्त चालवायचे. उघड्या ट्रेलरवर मालाची बांधणी हीच निम्मी ड्रायव्हरी. एकेक कॉईल कित्येक टनांची असते. तिच्याखाली ठोकळे कुठे द्यायचे, साखळी कुठून कुठे ओढायची, बेल्ट किती ताणायचा, हे चुकले तर जोराचा ब्रेक लागताच कॉईल पुढे सरकते, आणि तिच्या पुढे असते ड्रायव्हरची केबिन. गाडी थोडी चालली की माल बसतो आणि साखळ्या सैल पडतात; मग थांबून पुन्हा ताणाव्या लागतात. पाऊस आला तर मालावर चढून ताडपत्री ओढायची. गाडी मागे घ्यायची तर स्टिअरिंग उलटे फिरवायचे, कारण जोडाच्या पुढचा भाग एकीकडे वळला की मागचा दुसरीकडे जातो. सिमरोळ-चोरलच्या भेरूघाटात उतरताना चुकीच्या वेळी ब्रेक दाबला, तर मागचे वजन पुढच्याला ढकलते आणि गाडी कोयत्यासारखी मिटते. रस्ता तासन्‌तास बंद. मागे अडकलेले आपण सगळे खिडकीतून मान काढून ड्रायव्हरला शिव्या देतो. त्याला हे कोणी शिकवले होते का, असे मात्र आपण विचारत नाही.

जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने मालगाड्यांची वजनमर्यादा वाढवली. मोठ्या जोडगाड्यांची कमाल मर्यादा मालासकट ४९ टनांवरून ५५ टनांवर गेली. मालकाला फेरीमागे जास्त भाडे मिळू लागले. वजन वाढले तसे शिक्षण वाढवा, असे तेव्हा कोणी म्हणाल्याचे आमच्या कानावर आले नाही.

लायसन्सपर्यंत कायदा, पुढे अंधार

आता सुरुवात कशी करायची ते पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ चा. १८ वर्षे पूर्ण झाली की शिकाऊ लायसन्स, मग चाचणी देऊन हलक्या गाडीचे पक्के लायसन्स. ते हातात येऊन किमान एक वर्ष झाल्याशिवाय मालवाहतुकीच्या गाडीचे शिकाऊ लायसन्सही मिळत नाही, आणि त्यासाठी वय २० असावे लागते. सोबत डॉक्टरचा दाखला आणि ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र. आठवी पासची अट होती, ती २०१९ मध्ये काढून टाकली. मालवाहतुकीच्या लायसन्सची मुदत त्याच वर्षीच्या दुरुस्तीने तीनाची पाच वर्षे झाली. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हलक्या गाडीच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची मालगाडीही चालवता येते. छोट्या टेम्पोवाल्यांना त्याने दिलासा मिळाला; ५५ टनांच्या ट्रेलरशी त्याचा काही संबंध नाही, हे आपल्या पोरांनी नीट ध्यानात ठेवावे. कोणी दलाल वेगळे सांगत असेल तर त्याला दाराबाहेर काढावे.

२०२१ मध्ये सरकारने मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचे नियम आणले. जड गाडीचा अभ्यासक्रम किती? सहा आठवड्यांत ३८ तास. आम्ही बी.कॉम. करायला तीन वर्षे घालवली, आणि आमच्या हातून चूक झाली तर फार तर खतावणी जुळत नाही. इथे ५५ टन वजन माणसांच्या गर्दीतून न्यायचे आहे, त्याला ३८ तास! तेही सगळीकडे मिळत नाहीत. आपल्या राज्यात छिंदवाड्याला अशोक लेलँडच्या साहाय्याने ड्रायव्हर प्रशिक्षण संस्था उभी राहिली. चांगली गोष्ट आहे, पण ते गाव सातपुड्याच्या पार दुसऱ्या टोकाला. शहापूरच्या किंवा खकनारच्या मजुराच्या मुलाने तिथे राहायचे-खायचे कोणाच्या जिवावर? पिथमपूरला गाड्या तपासण्यासाठी ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक बांधला, २०२१ मध्ये त्याचे थाटात उद्घाटन झाले. गाडीची परीक्षा घ्यायला सरकारकडे एवढी जागा निघाली. माणूस घडवायला दोन एकर निघत नाही?

समजा, पोराने हे सर्व पार केले. लायसन्स खिशात घेऊन तो मोठ्या कंपनीच्या दारात गेला. तिथे पहिला प्रश्न असतो : ट्रेलरचा अनुभव किती? दोन वर्षे, तीन वर्षे हवीत. अनुभव नसेल तर नोकरी नाही, आणि नोकरी नसेल तर अनुभव नाही. विहिरीत पोहायला शिकल्याशिवाय विहिरीत उतरू नकोस, असे सांगण्यातला हा प्रकार आहे.

पूर्वी यावर एक उपाय होता. पोरगा क्लीनर म्हणून गाडीवर चढायचा. काच पुसायची, टायर ठोकून पाहायचे, चहा आणायचा, उस्तादाच्या शिव्या खायच्या. चार-पाच वर्षांत, आधी मोकळ्या माळावर आणि मग पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर, उस्ताद स्टिअरिंग हातात द्यायचा. त्या पद्धतीचे गोडवे आम्ही गाणार नाही. तिच्यात मारहाण होती, व्यसने होती, अल्पवयीन पोरांची लूट होती. पण ती शाळा होती. दोन पैसे वाचवण्यासाठी मालकांनी क्लीनरची जागाच काढून टाकली आणि लांबच्या फेरीवर एकटा ड्रायव्हर पाठवायला सुरुवात केली. शाळा बंद केली आणि आता विद्यार्थी मिळत नाहीत म्हणून गळा काढतात!

मग नवशिका जातो कुठे? दोन-तीन गाड्यांच्या छोट्या मालकाकडे. तो त्याला मिळेल त्या पैशावर ठेवतो, जुनी गाडी देतो, आणि पोरगा जिवावर उदार होऊन रस्त्यावरच शिकतो. हीच गाडी पुढे मोठी कंपनी भाड्याने लावते. म्हणजे बाजूला नाव कंपनीचे, गाडी दुसऱ्याची, ड्रायव्हर तिसऱ्याचा. माल पोहोचला तर कंपनीची ख्याती, उलटला तर “तो आमचा माणूस नव्हता.” शिकवण्याचा खर्च असा साखळीत खाली खाली ढकलला जातो आणि शेवटी ज्याच्याकडे काहीच नाही त्या वीस वर्षांच्या पोराच्या डोक्यावर येऊन बसतो.

खिडकीच्या अलीकडून

आम्ही बँकेत खिडकीवर बसणारे कारकून. गाडी चालवण्यातले आम्हाला कळत नाही, पण कागद कळतो. आणि कागदाच्या बाबतीत या धंद्यात जो अन्याय चालतो तो आमच्याइतका जवळून फार थोड्यांना दिसत असेल.

ट्रेलरच्या ड्रायव्हरजवळ किती कागद असतात ते मोजा. गाडीचे नोंदणीपुस्तक, परमिट, फिटनेस, विमा, धुराचा दाखला, टॅक्सची पावती, मालाची बिल्टी, बिल, ई-वे बिल. काचेवर फास्टॅग. मालकाचा कागद, विमा कंपनीचा कागद, माल पाठवणाऱ्याचा आणि माल घेणाऱ्याचा कागद. यातला एक जरी हरवला तर दंड आणि पगारातून कपात. सगळ्यांचे कागद पोटच्या पोरासारखे जपणाऱ्या त्या माणसाच्या स्वतःच्या नावाचा कागद कोणता? लायसन्स आणि आधार. नियुक्तीपत्र नाही. पगाराची चिठ्ठी नाही. हजेरी नाही.

असाच एक ड्रायव्हर घर बांधायला कर्ज मागायला येतो. अर्जात रकाना असतो : मालकाचे नाव, रुजू झाल्याची तारीख, मासिक वेतन. तो एका मोठ्या कंपनीचे नाव सांगतो. आम्ही कागद मागतो. तो मोबाईल काढून फोटो दाखवतो. गाडीसमोर तो उभा आहे आणि मागे कंपनीचे नाव मोठ्या अक्षरांत रंगवलेले आहे. वीस वर्षांच्या नोकरीचा एवढाच पुरावा! पगाराचे विचारले तर हिशेब फेरीचा. निघताना भत्ता मिळतो, त्यातून जेवण, पंक्चर, हमाली, वाटेतली चिरीमिरी, आणि उरेल ती कमाई. वर्षाकाठी रक्कम आमच्यासारख्या कारकुनाला लाजवेल एवढीही होत असेल, पण ती कुठे लिहिलेली नाही. जे लिहिलेले नाही ते बँकेच्या दृष्टीने नाही. अर्ज परत जातो.

गंमत पुढे आहे. तो जी गाडी चालवतो तिला कर्ज मिळते. गाडीला नंबर आहे, चेसिस आहे, ती गहाण ठेवता येते. लोखंडाची पत आहे, ते हाकणाऱ्याची नाही.

आमच्या आजोबांच्या पिढीने ताप्ती मिलमध्ये काम केले. भोंगा वाजला की लालबागची घरे जागी होत. कामगाराच्या खिशात बिल्ला असे, हजेरीपटात नाव असे, पुढे भविष्य निर्वाह निधीचे खाते आले. पगार थोडा होता, पण माणूस कोणाचा हे लिहिलेले होते, म्हणून दुकानदार उधार देई आणि मुलीचे वडील मुलगी देत. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत त्या यंत्रांचा आवाज थांबला. मिलचा कागद गेला आणि त्या जागी जी कामे आली, लूम असो की ट्रेलर, ती बिनकागदाची आली. नोकऱ्या गेल्या याचे दुःख सगळे करतात. नोकरीतून कागद गेला याचे कोणी करत नाही.

कायदा आहे, पण कोणासाठी?

कायदा नाही असे मुळीच नाही. १९६१ साली मोटार परिवहन कामगार कायदा झाला. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक धंद्याला तो लागू होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास. लांब पल्ल्यासाठी परवानगी घेऊन फार तर दहा आणि ५४. पाच तास सलग काम झाले की निदान अर्धा तास विश्रांती. साठ वर्षांत हा कायदा किती ढाब्यांवर दिसला ते वाचकांनीच सांगावे. सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० मध्ये ट्रक ड्रायव्हरांची पाहणी केली, तेव्हा दिवसाला सरासरी सुमारे १२ तास गाडी चालवली जात असल्याचे दिसले, आणि आपल्या घरातल्याने या धंद्यात यावे असे वाटत नाही म्हणणारे ड्रायव्हर १०० पैकी ८४ निघाले. टंचाईवर परिषदा भरवणाऱ्यांनी हा एक आकडा फळ्यावर लिहून ठेवावा. टंचाईचे कारण त्यातच आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि १९६१ चा कायदा त्यांत विरून गेला. नव्या संहितेत एक गोष्ट चांगली आहे : प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देणे मालकावर बंधनकारक केले आहे. आम्ही तिचे मनापासून स्वागत करतो. पण त्याच संहितेने दुसऱ्या हाताने काय केले? जुना कायदा पाच कामगारांपासून लागू होता, नवी संहिता दहापासून लागू होते. म्हणजे नवशिका ज्याच्याकडे पहिली नोकरी करतो तो दोन-तीन गाड्यांचा मालक आधीही बाहेर होता, आता पाच-सात गाड्यांचाही बाहेर गेला. ज्या पायरीवर कागदाची सर्वांत जास्त गरज, तीच पायरी कायद्याच्या अंगणाबाहेर! आणि मोठी कंपनी याच छोट्या मालकांच्या गाड्या लावून आपला धंदा चालवते, म्हणून तिच्याकडेही बोट दाखवता येत नाही. हे गौडबंगाल समजून घ्यायला कायद्याची पदवी लागत नाही.

सरकारने काहीच केले नाही असा आमचा आरोप नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या जड ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी महामार्गांवर ड्रायव्हरांसाठी पहिल्या टप्प्यात एक हजार विश्रांतिगृहे बांधण्याची घोषणा केली. आपल्या राज्याने १ जुलै २०२४ पासून परिवहन खात्याचे सीमेवरचे नाके बंद केले. या चांगल्या गोष्टी आहेत. पण खाट दिली आणि झोपायला वेळ दिला नाही तर त्या खाटेचे काय करायचे? माल अमुक वाजता पोहोचला नाही तर भाडे कापू, असे सांगणारा फोन वातानुकूलित केबिनमध्येही वाजतोच.

औकात

जानेवारी २०२४ मध्ये देशभर ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या. नव्या न्याय संहितेत अपघात करून, पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. जुन्या कायद्यात निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास दोन वर्षांपर्यंत होती. अपघातानंतर पळणे वाईटच. पण थांबला तर जमाव जिवंत सोडेल याची हमी कोण देणार, हा ड्रायव्हरांचा सवाल होता. दोन दिवसांत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि सरकारला बोलणी करावी लागली. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम वगळून लागू झाली.

त्याच संपात आपल्याच राज्यात, शाजापूरला, बैठकीत एका ड्रायव्हरने तोंड उघडले तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी त्याला भर सभेत विचारले की तुझी औकात काय आहे? ते चित्रण देशाने पाहिले आणि दुसऱ्याच दिवशी त्या अधिकाऱ्यांना पदावरून हलवण्यात आले. पण ड्रायव्हरचे उत्तर आमच्या मनातून जात नाही. तो भांडला नाही. आपली काही औकात नाही याचीच तर ही लढाई आहे, अशा अर्थाचे तो बोलला. शंभर परिषदांत जे कोणाला सांगता आले नाही ते त्याने एका वाक्यात सांगितले. साहेब बदलले, बातमी विरली. त्याची लढाई होती तिथेच आहे.

“परवडत नाही”

मोठ्या कंपन्यांचे ठरलेले उत्तर असते : हे सगळे परवडत नाही. शिकवून तयार केलेला ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी दुसरीकडे पळतो, मग आम्ही खर्च का करावा? या म्हणण्यात अगदीच तथ्य नाही असे नाही, म्हणून त्याचा विचार करू.

२०१४ मध्ये रिविगो नावाची कंपनी सुरू झाली. तिची पद्धत टपालाच्या घोड्यांसारखी होती. एका ड्रायव्हरने काही तास गाडी चालवायची, ठरल्या ठिकाणी दुसऱ्याच्या हाती द्यायची आणि परतीची गाडी घेऊन आपल्या घरी झोपायला यायचे. गाडी थांबत नाही आणि माणूस मरत नाही. कल्पना उत्तम होती, पण तोटा साचत गेला, आणि २०२२ मध्ये त्या कंपनीचा एक्स्प्रेस मालवाहतुकीचा धंदा महिंद्रा लॉजिस्टिक्सने २२५ कोटींना विकत घेतला. यावरून काही शहाणे म्हणतात, बघा, ड्रायव्हरची काळजी घेणारा बुडतो. आम्ही उलट विचारतो. शेजारच्या रस्त्यावर एकाच माणसाला सोळा तास राबवून कमी भाड्यात माल नेण्याची मुभा असेल, तर नियमाने चालणारा टिकेल कसा? चोरबाजार उघडा ठेवायचा आणि दुकानदाराला म्हणायचे, तुझा प्रामाणिकपणा परवडत नाही! नियम सर्वांना सारखा लागला तर खर्चही सर्वांना सारखाच पडेल, आणि मग परवडते की नाही ते पाहू.

बाहेरच्या देशांत हे चालते. अमेरिकेत मालगाडीच्या ड्रायव्हरला सलग दहा तास सुट्टी घेतल्यावर फार तर ११ तास गाडी चालवता येते, आणि फेब्रुवारी २०२२ पासून नवशिक्याला नोंदणीकृत संस्थेत प्रशिक्षण घेतल्याशिवाय जड गाडीची चाचणीच देता येत नाही. युरोपात साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटे थांबावेच लागते, आणि गाडीतले यंत्र त्याची नोंद ठेवते. तिथल्या कंपन्या धर्मादाय नाहीत. कायदा मोडणे महाग आहे, म्हणून त्या पाळतात.

थोडे आपल्याबद्दलही

सगळा दोष कंपनीवर आणि सरकारवर ढकलून आपण मोकळे होऊ शकत नाही. आपल्या समाजात आजही मुलगा बँकेत, शाळेत किंवा तहसीलमध्ये चिकटला की पेढे वाटले जातात, आणि ड्रायव्हर झाला की “काय करणार, शिकला नाही” असे हळू आवाजात सांगितले जाते. स्थळे पाहताना मुलगा ट्रेलरवर आहे म्हटले की चहा निवायच्या आत पाहुणे उठतात. बँकेत जागा किती निघतात आणि अर्ज किती येतात ते आम्ही आतून पाहतो. आमच्यासारखी नोकरी सगळ्यांना मिळणार नाही हे खरे बोलायला आपण कचरतो, आणि पोरे तिशीपर्यंत फॉर्म भरत राहतात.

ज्या गाडीवरून या देशाचे लोखंड हलते ती गाडी सुखरूप नेणे हे कसबाचे काम आहे. त्याला कसब मानायचे की नाही हे आधी आपण ठरवू. मग कंपनीला आणि सरकारला ठणकावून विचारायचा हक्क आपल्याला येईल.

आमच्या मागण्या

१) मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपनीने आपल्या नावाने धावणाऱ्या प्रत्येक गाडीच्या ड्रायव्हरला नियुक्तीपत्र मिळाले आहे याची खात्री करावी, मग गाडी स्वतःची असो की भाड्याची. ज्या छोट्या मालकाकडे ते नाही, त्याची गाडी लावू नये.

२) पगार आणि भत्ता वेगळे लिहावेत, पगार बँक खात्यात जमा व्हावा आणि महिन्याला चिठ्ठी मिळावी. यात सरकारचा एक पैसा खर्च होत नाही.

३) ट्रेलरचे काम हे शिकाऊ उमेदवारीने शिकवावे. शिकाऊ उमेदवार कायदाही १९६१ चाच आहे. ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने शिकाऊ घेणे बंधनकारक आहे. लायसन्सधारी पोराला अनुभवी ड्रायव्हरच्या शेजारी बसवा, दरमहा विद्यावेतन द्या, माल बांधायला शिकवा आणि शेवटी प्रमाणपत्र द्या. उस्ताद आणि क्लीनरची जुनी शाळा कागदावर आणा, एवढेच आमचे मागणे.

४) बऱ्हाणपूर जिल्ह्यात जड गाडीचे मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्र व्हावे. इंदूर-इच्छापूर रस्त्यावर ज्याची वाहतूक चालते त्याने या रस्त्याच्या पोरांना शिकवण्याचा भार उचलावा. खासदार-आमदारांनी हे निवडणुकीआधी लेखी द्यावे. तोंडी आश्वासनांचा साठा आमच्याकडे पुरेसा आहे.

५) माल बाहेर काढून किंवा वजन वाढवून भरल्याचा दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतर २० हजारांपासून सुरू होतो. तो ज्याने माल भरायला लावला त्याच्याकडून वसूल व्हावा, ड्रायव्हरच्या भत्त्यातून नाही.

आपल्या पोरांनाही एक सांगणे आहे. या धंद्यात जायचे तर जरूर जा, मान वर करून जा. पण पहिल्या दिवशी गाडीची किल्ली घेण्याआधी आपल्या नावाचा कागद मागा. “नंतर देतो” म्हणाले तर विचारा, बिल्टीही नंतर देता का? एकट्याने विचारले तर हाकलून देतील. म्हणून एकट्याने विचारू नका. महिन्याच्या पहिल्या रविवारी मंडळाच्या कार्यालयात या, ज्यांची नोकरी चालू आहे त्यांनीही या, येताना लायसन्स आणि असतील नसतील त्या पावत्या आणा. अर्ज कसा लिहायचा, कोणाला द्यायचा, पोच कशी घ्यायची, हे आम्ही कारकून मंडळी बसून लिहून देऊ. दुसरे काही येत नसले तरी कागद लिहिणे आम्हाला येते, आणि या लढाईत सध्या त्याचीच गरज आहे.